पाठीला चालेल, मानेला जपा

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात गोविंदपुरम् येतं. कांची कामकोटी पीठाचे बोधेंद्र सरस्वती यांचं अधिष्ठान इथं असल्यामुळे गाव जुनंच नामवंत आहे. मराठी यात्रेकरूंची पावलं इकडे वळतात ती मुख्यतः विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरासाठी. या मंदिराचा कुंभाभिषेक २०११ साली झाला. रामेश्वर, मदुरै, तंजावूर असं करत आलेली मंडळी बसमधून उतरतात तेव्हा निम्म्यांचे हात विठोबासारखे कटेवर असतात, फक्त कारण भक्तीचं नसतं. तीन-चार दिवस बसच्या सीटवर आखडलेली कंबर, खिडकीला टेकून झोपल्यामुळे अवघडलेली मान.

मग चहा घेताना कोणाच्या तरी मोबाइलवर तो व्हिडिओ निघतो. टेबलावर आडवा झालेला माणूस, त्याच्या डोक्याशी उभा असलेला उपचारक, एक झटका, ‘कडाड्’ असा आवाज आणि उठून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू. ‘आपणही एकदा करून घ्यावं का हो?’ असा प्रश्न येतोच. उत्तर आधीच देऊन टाकतो. कमरेच्या दुखण्यासाठी, नीट तपासणी झाल्यावर आणि शिकलेल्या हातून करून घ्यायला हरकत नाही. फायदा मात्र माफकच मिळेल. मानेला झटका घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुखणं बहुधा साधं असतं

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. यातल्या बहुसंख्य लोकांच्या दुखण्यामागे कोणताही एक नेमका बिघाड सापडत नाही. स्नायू, सांधे, अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या म्हणजे गाद्या यांपैकी काहीतरी कुरकुरतं, आखडतं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत सैल पडतं.

आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’ आणि ‘गादी सरकलीय’ ही दोन वाक्यं एमआरआयच्या कागदाइतकीच सहज फिरतात. पण काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली दिसली. म्हणजे कागदावर गादी ‘सरकलेली’ असणं आणि कंबर दुखणं यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही. म्हणूनच ‘सरकलेला मणका जागेवर बसवून देतो’ असं कोणी म्हटलं की कान टवकारावेत. साध्या दुखण्यात मणका जागेवरून हललेलाच नसतो. आणि अपघातात तो खरोखर हलला असेल, तर तिथे झटका देणं हा गुन्हाच.

पायाळूचा पाय आणि आयोवातला झटका

उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाने पाय लावायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. ‘अरे, पायाळू कोण आहे का बसमध्ये?’ असं विचारणारे आजोबा आजही भेटतात, आणि एखादा लाजरा पोरगा ‘मी आहे, आजोबा’ म्हणत पुढे येतो. उसण उतरते हेही खरं आहे. ती बहुधा दोन-चार दिवसांत उतरणारच असते, श्रेय तेवढं पायाला मिळतं. पाठदुखीच्या सगळ्याच उपचारांची हीच अडचण आहे: दुखणं कमाल पातळीला गेलं की माणूस उपचार शोधतो, आणि तिथून ते उतरणीलाच लागलेलं असतं.

व्हिडिओतल्या त्या झटक्याच्या उपचाराची, म्हणजे कायरोप्रॅक्टिकची, सुरुवात अशाच एका किश्श्यातून झाली. सप्टेंबर १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थाने इमारतीच्या सफाई कामगाराच्या, हार्वे लिलार्डच्या, पाठीतला एक मणका दाबला. लिलार्डला कमी ऐकू यायचं आणि त्यानंतर ऐकू येऊ लागलं, असा पामरचा दावा होता. त्यावरून पामरने सिद्धान्तच मांडला: मणके किंचित सरकतात, त्यामुळे शरीरातला जीवनप्रवाह अडतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातून होतात. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली, आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला.

सिद्धान्त टिकला नाही. हातांचं कसब मात्र टिकलं. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत या व्यवसायाला परवाना मिळायला १९७४ उजाडलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर टाकलेल्या बहिष्काराविरुद्ध १९७६ मध्ये खटला झाला आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने त्यांची स्वतंत्र परिषद आली. पण त्याच ब्रिटनमध्ये २००८ साली विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी लिहिलं की बाळांचं पोटदुखीचं रडणं, दमा, कानाचे जंतुसंसर्ग कायरोप्रॅक्टिकने बरे होतात या दाव्यांना पुरावा नाही. तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि २०१० मध्ये तो मागे घेतला.

म्हणजे एकाच पाटीखाली दोन वेगळी माणसं बसलेली असू शकतात. एक पाठ-मानेच्या दुखण्यापुरतं काम करणारा, व्यायाम शिकवणारा, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणारा; दुसरा तुमचा मधुमेह, पाळीचे त्रास आणि मुलाचा दमाही मणक्यातून सोडवू पाहणारा. दुसऱ्याच्या दारातून परत फिरावं.

झटक्यात नेमकं काय होतं

कमरेसाठीची नेहमीची पद्धत अशी. तुम्हाला कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून टेबलाच्या कडेबाहेर. उपचारकाचा एक हात तुमच्या खांद्यावर, दुसरा कमरेखालच्या हाडावर. खांदा मागे आणि कंबर पुढे असा हळूहळू पीळ देत तो सांधा त्याच्या हालचालीच्या शेवटापर्यंत नेतो, तुम्हाला श्वास सोडायला सांगतो आणि मग अगदी थोड्या अंतराचा, पण फार वेगवान दाब देतो. सगळं क्षणार्धात आटोपतं.

‘कट्ट’ आवाज हाडावर हाड बसल्याचा नसतो. सांध्याच्या पोकळीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे पृष्ठभाग एकदम दूर ओढले गेले की त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा एमआरआय यंत्रातच मोडायला लावून हे प्रत्यक्ष चित्रित केलं. मोठा आवाज म्हणजे मोठा गुण, असं काही नाही. आवाज न होताही आराम पडतो आणि आवाज होऊनही पडत नाही. आवाज सगळ्यात जास्त लागतो तो मोबाइलवरच्या व्हिडिओला.

मग बरं का वाटतं? आखडलेले स्नायू काही काळ सैलावतात, वेदनेचे संदेश मज्जासंस्थेत थोडे दबतात, आणि कोणीतरी आपल्या दुखऱ्या जागेवर हात ठेवून लक्ष दिलं याचाही वाटा असतो. या शेवटच्या वाट्याला मी हलकं लेखणार नाही.

कमरेला मिळतं ते किती

उपचाराचा गुण किती, हे नोंदींवरूनच कळतं. तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकी शेजारी-शेजारी चालवली, आणि डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणं ठेवायला लावली. ती टिपणं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. कोणत्या रोग्याचं आधी काय होतं, काय केलं, नंतर काय झालं, हे लिहून ठेवणं ही उपचार पारखण्याची पहिली पायरी. दुसरी पायरी विसाव्या शतकात आली: रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, वेगवेगळे उपचार द्यायचे आणि तुलना करायची. पायाळूच्या पायाचं श्रेय वजा करण्याची हीच एक वाट आहे.

अशा तुलना मणक्यांच्या हस्तोपचारावर भरपूर झाल्या आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्या एकत्र पाहिल्या. वेदना शंभराच्या मापावर साधारण दहा अंशांनी कमी झाली. जाणवेल एवढी, पण चमत्कार म्हणावा एवढी नव्हे. जुनाट कंबरदुखीबद्दल २०१९ मध्ये ४७ चाचण्या आणि नऊ हजारांवर रोग्यांचा आढावा आला. निष्कर्ष असा की हा उपचार व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच उपयोगी आहे. त्याहून जुनी, १९९८ मधली एक चाचणी मला विशेष बोलकी वाटते: कायरोप्रॅक्टिकच्या बैठका घेतलेल्यांचा निकाल पाठीची काळजी सांगणारी साधी पुस्तिका दिलेल्यांपेक्षा किंचितच बरा होता.

म्हणूनच ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की हस्तोपचार द्यायचा तर व्यायामाच्या जोडीनेच द्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी तत्त्वं काढली, त्यांत व्यायाम, माहिती देणं, मानसोपचाराच्या काही पद्धती आणि मालिश यांच्या पंक्तीत मणक्यांच्या हस्तोपचारालाही जागा आहे. त्याच तत्त्वांत कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन या आपल्याकडच्या दोन लाडक्या गोष्टी नेहमीसाठी वापरू नका असं म्हटलंय, हे वाचून बऱ्याच घरांतली कपाटं रिकामी होतील.

चालण्याबद्दल मात्र उत्साहाने सांगावं असा पुरावा २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत नियमित चालायला लावलं, त्यांची कंबर पुन्हा दुखायला लागेपर्यंत सरासरी २०८ दिवस गेले, इतरांचे ११२. वारीला जाणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

मानेचा मामला वेगळा

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या वर चढतात आणि पहिल्या मणक्याशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जास्तीत जास्त फिरते ती नेमकी याच वळशाच्या ठिकाणी. रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर गेली की तिथं रक्ताची गुठळी धरते, ती सुटून मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघात होतो. मानेच्या रोहिण्यांना अशी चीर जाणं दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात साधारण तीन जणांना. पण तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या पक्षाघातामागे हे एक महत्त्वाचं कारण असतं.

झटक्यामुळेच चीर जाते का, यावर वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. चीर गेली की पहिलं लक्षण बहुधा मान आणि डोकं दुखणं हेच असतं. माणूस त्या दुखण्यासाठीच उपचारकाकडे जातो, दोन दिवसांनी पक्षाघात होतो आणि दोष झटक्यावर येतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जसा संबंध दिसला, तसाच नेहमीच्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. दुसरीकडे, लॉस एंजेलिसमध्ये पडल्यामुळे मान दुखू लागलेली एक मॉडेल कायरोप्रॅक्टरकडे गेली आणि २०१६ मध्ये पक्षाघाताने वारली; तिथल्या मृत्यू-तपास अधिकाऱ्याने कारण म्हणून मानेचा झटकाच नोंदवला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये मधला मार्ग धरला: संबंध दिसतो, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, पण झटका देण्याआधी रोग्याला हा धोका सांगा.

माझं मत ज्यावर ठरलं तो पुरावा वेगळाच आहे. मानदुखीच्या २७२ रोग्यांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यांचा हस्तोपचार औषधांपेक्षा सरस ठरला खरा. पण घरी करायचे साधे व्यायाम शिकवलेला गटही जवळपास तेवढाच सुधारला. मान हळूहळू वळवणं, हनुवटी मागे घेणं, खांदे फिरवणं एवढंच. हाच गुण बिनधोक मिळत असेल तर धोका कितीही लहान असला तरी तो घ्यायचा कशासाठी?

आपल्याकडे मानेला झटका सर्वात जास्त वेळा मिळतो तो केशकर्तनालयात. दाढी, डोक्याची मालिश, आणि शेवटी हनुवटीला एक हात, डोक्याला दुसरा, डावीकडे कट्ट, उजवीकडे कट्ट. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातल्या एका गिऱ्हाइकाच्या मानेतल्या, श्वासपटलाला जाणाऱ्या नसांना अशाने इजा झाल्याची बातमी गाजली होती. २०२४ मध्ये बळ्ळारीचा एक तरुण अशाच झटक्यानंतर पक्षाघाताने रुग्णालयात पोहोचल्याची बातमी आली. ‘मान नको मोडू, दादा’ एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

झटक्यानंतर, किंवा झटका न घेताही, मानेत कधी नव्हे अशी वेदना आणि तिच्यासोबत गरगरणं, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं, तोल जाणं, चेहरा किंवा अंगाची एक बाजू बधिर होणं, यांपैकी काहीही दिसलं तर वेळ घालवू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. गोविंदपुरम्मध्ये असाल तर १०८ ला फोन लावावा. मोठ्या उपचारांसाठी तंजावूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

टेबलावर जाण्याआधी डॉक्टर

परदेशी लेखांत ज्या धोक्याच्या खुणा देतात, त्यांत आपल्यासाठी एक वर आणायला हवी: मणक्याचा क्षय. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षय हाडांत उतरतो तेव्हा त्याची आवडती जागा मणका. आठवडेन्‌आठवडे न हटणारी पाठदुखी, रात्री वाढणारी, संध्याकाळी कणकण, भूक मेलेली, वजन उतरलेलं. अशा पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर तो खचू शकतो. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं फुकट आहेत.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याची जागा आणि मांड्यांच्या आतला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं: यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रिया, कर्करोग होऊन गेलेले, संधिवाताने मानेचे सांधे सैल झालेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, अलीकडेच पडलेले, यांनीही झटक्यापासून लांब राहावं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात २०१७ मध्ये ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांच्या मानेचे अस्थिबंध हाडासारखे कडक झाले होते; कायरोप्रॅक्टरच्या टेबलावर त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि त्यातच ते गेले.

हात कोणाचा

भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या व्यवसायासाठी किमान ४,२०० तासांचं शिक्षण सांगितलं, त्यातले १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रोगी तपासण्याचे. पाटीवर शब्द एकच असला तरी मागे परदेशातली चार-पाच वर्षांची पदवी आहे की शनिवार-रविवारचं शिबिर, हे तुम्हालाच विचारावं लागतं. विचारावं, खरा शिकलेला माणूस रागावत नाही.

फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचं शिक्षण सुरू झालं. महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना देशपातळीवरही चौकट दिली. सांध्यांचे हस्तोपचार त्यांच्या अभ्यासक्रमात असतात, झटक्याशिवायचे हळुवार प्रकारही. तमिळनाडूत तर ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांना फिजिओथेरपी घरपोच मिळते. गोविंदपुरम्सारख्या गावातल्या आजीला कंबर हलवायला शहर गाठावं लागू नये, ही कल्पना मला कुठल्याही झटक्यापेक्षा मोठी वाटते.

या भागात आणखी दोन पाट्या दिसतात. ‘पुत्तूर कट्टु’, म्हणजे आंध्रातल्या पुत्तूरच्या हाडवैद्यांच्या पद्धतीने हाड बांधणं, आणि सिद्ध वैद्यकातला मर्मस्थानांवरचा उपचार, ‘वर्मम्’. सिद्ध ही सरकारमान्य पद्धती आहे, तिची पदवी असते आणि चेन्नईजवळ तांबरमला राष्ट्रीय संस्थाही आहे; त्यामुळे इथेही पदवी विचारता येते. मालिश, शेक, तेल यांत धोका थोडाच. हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र एक्स-रे आधी, बांधणं नंतर.

बैठका किती, पैसे किती

पहिल्या भेटीत उपचारकाने तुमची विचारपूस करावी, पायांची ताकद आणि संवेदना तपासाव्यात, काय करणार आणि त्यात काय होऊ शकतं हे सांगावं. हे न करता थेट टेबलावर झोपवत असेल तर उठून यावं. कमरेसाठी गेला असाल तर ‘मानेला हात नको’ असं सुरुवातीलाच सांगावं, कारण ‘सगळाच मणका मोकळा करतो’ म्हणत हात मानेपर्यंत जातो. उपचारानंतर दिवस-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं आहे, जवळपास निम्म्या लोकांना ते होतं.

चार-सहा बैठकांत फरक दिसला नाही तर पुढे दिसण्याची आशा कमी. म्हणून चोवीस बैठकांचे पैसे आगाऊ भरून सवलत घेऊ नये, आणि दुखत नसताना ‘मणका सांभाळण्यासाठी’ दर महिन्याला येण्याचं कबूल करू नये. दर वेळी सगळ्या पाठीचे एक्स-रे मागणारा, घरी करायचा एकही व्यायाम न शिकवणारा किंवा तुमच्या चालू गोळ्या बंद करायला सांगणारा भेटला, तर पहिल्याच बैठकीची फी देऊन मोकळं व्हावं.